अटन आणि आश्रय

साधक घर सोडतो ते विवेकाने. गर्भवती मजूर स्त्रीचे घर सुटते ते पोटासाठी. या दोहोंना एकच ‘अनिकेत’ शब्द लावणे हा विचाराचा दोष होय.

सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठी दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ गणला जातो. आधी उचल, मग श्रमाने फेड. खाडा झाला की कपात. म्हणून पोटुशी स्त्रीही मोळी वाहते आणि रात्री पाचटाच्या कोपीत निजते. बाळंतरजेचा कायदा २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे सांगतो. मुकादमाच्या उचलीवर आलेल्या कोयत्यापर्यंत तो सहसा पोहोचत नाही.

कोणी म्हणेल, ‘हे तिचे प्रारब्ध.’ परंतु कर्मविचार स्वतःचे दोष पाहण्यासाठी सांगितला आहे. परदुःखावर झाकण घालण्यासाठी त्याचा उपयोग करणे हाच अधर्म. कागदावर ती ऋणको दिसते. वस्तुतः तिच्या श्रमाची साखर ज्यांच्या घरी गेली ते सर्व तिचे ऋणको होत. तेव्हा फडाजवळ पक्के छप्पर, पाणी व प्रसूतीची सोय करून देणे ही ऋणफेड समजावी. साधकाने खुशाल वृक्षातळी राहावे; तिला मात्र तेथे राहू देऊ नये.