राखाडी रंगाखाली

चिमट्याने आगकाडीएवढ्या तोफा चिकटवत बसणाऱ्या माणसाचा नीतिशास्त्राशी काही संबंध येईल, असं कोणाला वाटणार नाही. पण 'बिस्मार्क' या जर्मन युद्धनौकेची प्रतिकृती करायला घ्या. संबंध आपणहून चालत येतो.

खरी बिस्मार्क 251 मीटर लांब. माझी साडेतीनशे पटीने लहान, म्हणजे सुमारे 72 सेंटिमीटर. टेबलावर ही असली की जेवणाची पानं जमिनीवर मांडावी लागतात. या पंथात अचूकपणा हाच धर्म. कठड्याच्या सळया केसासारख्या बारीक हव्यात. रंगाची छटा जरा चुकली, की समव्यसनी मंडळी चष्मा कपाळावर चढवून अशी बघतात, की मंगलाष्टकं चुकलेल्या भटजीकडेही कोणी तसं बघत नाही.

असा हा कडक सोवळ्याचा धर्म डेकवर येऊन अडखळतो. कारण बिस्मार्कच्या पुढच्या आणि मागच्या डेकवर, जर्मन विमानांना ओळख पटावी म्हणून, पांढऱ्या वर्तुळात काळं, तिरपं स्वस्तिक रंगवलेलं होतं. आमच्या सौभाग्यवतींनी नकाशात ते पाहिलं.

"अगंबाई! वास्तुशांत करून सोडलेली दिसतेय. मग बुडाली कशी हो?"

"अगं, हे आपलं नव्हे. हिटलरचं."

"मग तुम्ही कशाला काढताय?"

हा प्रश्न काही माझ्या घरापुरता नाही. जर्मनीत या चिन्हाच्या प्रदर्शनावर कायद्याने बंधन आहे. काही कंपन्या तर खेळण्याच्या पेटीत स्वस्तिक दोन तुकडे करून घालतात. म्हणजे कापण्याचं पुण्य कंपनीला, जोडण्याचं पाप गिऱ्हाइकाला!

बरं, काढूच नये म्हटलं, तर बोट फार देखणी दिसते. हवा खायला निघाल्यासारखी. तेही खोटंच. हिने 24 मे 1941 रोजी 'हूड' ही ब्रिटिश युद्धनौका बुडवली, तेव्हा तिच्यावरच्या चौदाशेहून अधिक माणसांतली फक्त 3 वाचली. तीन दिवसांनी ही स्वतः बुडाली. हिच्यावर बावीसशेच्या वर माणसं होती. माझ्या प्रमाणात माणूस होतो पाच मिलिमीटरचा, तांदळाच्या दाण्याएवढा. बावीसशे दाणे म्हणजे मूठभर तांदूळ. त्यातले वाचले ते चिमूटभर. दोरखंड, नांगर, होड्या सगळं पेटीत मिळतं. हा मूठभर ऐवज तेवढा नसतो. साडेतीनशे पटीने लहान केलं, की मरणसुद्धा शोभेची वस्तू होऊन कपाटावर बसतं.

इथे इतिहासाने एक पळवाट ठेवली आहे. अटलांटिकच्या मोहिमेवर जाताना, शत्रूच्या विमानांना ओळख पटू नये म्हणून, ती स्वस्तिकं जर्मनांनीच राखाडी रंगाखाली झाकली होती. म्हणजे 'शेवटच्या लढाईतली बिस्मार्क' केली, की अचूकपणाही सांभाळला आणि सोवळंही! असली सोय साक्षात धर्मशास्त्रातही सहसा सापडत नाही.

पण 1989 मध्ये रॉबर्ट बॅलार्ड यांनी समुद्रतळाशी, सुमारे पावणेपाच किलोमीटर खोल, ही बोट शोधली. पाण्याने वरचा रंग झिजवला होता आणि खालचं स्वस्तिक पुन्हा दिसू लागलं होतं. झाकलेलं पुसलं जातंच असं नाही, एवढं समुद्रालाही कळतं.

म्हणून मी एक रविवार खर्चून दोन्ही स्वस्तिकं नीट रंगवली आणि वाळल्यावर त्यांवर राखाडी हात मारला.

"दिसणारच नव्हतं, तर रंगवलंत कशाला?" सौभाग्यवती.

झाकताना काय झाकतोय, ते हाताला कळावं म्हणून. लढाईतली बोट करायची, तर ती कोणाच्या बाजूने लढत होती, हे निदान करणाऱ्याने तरी टाळू नये. बोट सुंदर आहे, हेही मी नाकारत नाही. आलेले पाहुणे "वा, काय देखणी आहे हो!" म्हणतात, तेव्हा मी आधी मान डोलावतो. मग राखाडी रंगाखाली काय आहे ते सांगतो, आणि मूठभर तांदळाचा हिशेबही.

चहा गार होतो. त्याला इलाज नाही.