परक्यांची नजर आणि घाटमाथ्यावरची राष्ट्रे

एका देशाच्या पोटात नांदणारी वेगवेगळी राष्ट्रे परक्या माणसाला कितपत ओळखता येतात, हा प्रश्न तपासण्यासाठी स्पेनमधील कॅटलान किंवा ब्रिटनमधील वेल्श लोकांपर्यंत जाण्याचे कारण नाही. खानापूर तालुक्यातील लोंढा जंक्शनवरून एक लोहमार्ग बेळगाव-मिरजेकडे, दुसरा धारवाड-हुबळीकडे आणि तिसरा कॅसलरॉकचा घाट उतरून गोव्याकडे जातो. मराठी, कन्नड आणि कोकणी या तीन भाषांचे प्रदेश या तीन फाट्यांवर येतात, आणि बाहेरून आलेल्यांनी या मुलखाकडे कसे पाहिले याचा इतिहास चांगला चौदाशे वर्षांचा आहे. येथे ‘राष्ट्र’ म्हणजे सार्वभौम राज्य नव्हे. भाषा, भूमी आणि सामायिक स्मृती यांच्या बळावर स्वतःला एक मानणारा लोकसमूह, एवढाच त्याचा अर्थ घ्यावयाचा आहे.

सातव्या शतकात दक्षिणेत आलेल्या ह्युएनत्संग या चिनी यात्रेकरूने चालुक्य राजा पुलकेशीच्या राज्याचे जे नाव नोंदवले ते ‘महाराष्ट्र’ असेच वाचले जाते, आणि उपकाराला जागणारे, पण अपमान न विसरणारे असे तेथील लोकांचे त्याने केलेले वर्णन मराठी वाचकाला सुखावते. मात्र त्या राजाची राजधानी बदामी होती, म्हणजे कन्नड मुलखाच्या ऐन गाभ्यात होती. इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात तीन ‘महाराष्ट्रकां’वरील सत्ता हा पुलकेशीच्या पराक्रमाचा एक भाग म्हणून येतो, यात्रेकरूने मात्र अवघ्या राज्याला त्यातील एका भागाचे नाव दिले. सत्ता एकाची, म्हणून प्रजाही एकच, ही समजूत येथपासून दिसते.

पुढे घाटाच्या दोन बाजूंना दोन युरोपीय सत्ता आल्या आणि दोघींनी एकमेकींच्या नेमकी उलट चूक केली. पोर्तुगीजांनी गोव्यातील लोकांना ‘कानारी’ म्हटले आणि त्यांच्या कोकणी भाषेलाही तेच नाव लावले. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाने रचलेले कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले, तेही ‘कानारी’ भाषेचे व्याकरण म्हणूनच. स्वतः स्टीफन्स यांची जाण या नावापेक्षा पुष्कळ पुढची होती. १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’साठी त्यांनी मराठी निवडली, म्हणजे घरात बोलण्याची आणि ग्रंथात लिहिण्याची भाषा यांतील फरक त्यांना कळत होता, पण एका माणसाची जाण राज्ययंत्रणेत उतरण्यास अडीचशे वर्षे लागली. १८५८ मध्ये कुन्य रिव्हार या पोर्तुगीज अधिकाऱ्याने कोकणी भाषेवर ऐतिहासिक निबंध लिहिला, तेव्हा कोठे त्या भाषेला सरकारी वर्तुळात तिच्या नावाने ओळख मिळू लागली.

घाटाच्या वरच्या बाजूला इंग्रजांनी पेशव्यांकडून आणि पटवर्धनादी जहागीरदारांकडून जो प्रदेश घेतला, त्याला त्यांनी ‘दक्षिण मराठा मुलूख’ असे नाव दिले, जरी धारवाड-विजापुरातील बहुसंख्य रयत कन्नड बोलत होती. पूर्वीच्या राज्यकर्त्यांचे दप्तर मराठीत होते, कारकून मराठी लिहिणारे होते, आणि साहेबाची गाठ प्रथम पडे ती कारकुनाशी. १८३० च्या सुमारास धारवाडला असलेल्या वॉल्टर इलियट यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी कन्नड शिक्षणाची बाजू घेतली, तरी नाव टिकून राहिले. आणि मराठी सुशिक्षितांना ते खटकण्याचे कारणही नव्हते.

१८८२ हे वर्ष या दृष्टीने मोठे बोलके आहे. त्या वर्षी ‘सदर्न मराठा रेल्वे’ ही कंपनी स्थापन झाली, जिच्या जाळ्यात पुढे लोंढा जंक्शन आले. त्याच वर्षी मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी जॉन फेथफुल फ्लीट यांचा त्याच मुलखातील राजवंशांवरील ग्रंथ निघाला, आणि त्याच्या नावात मात्र हे जिल्हे ‘कानडी’ म्हणून आले. आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये फ्रेंच विचारवंत एर्नेस्त रेनाँ राष्ट्र हे भाषेवर किंवा वंशावर नव्हे, तर एकत्र राहण्याच्या इच्छेवर उभे असते, असे सांगत होते. एकाच राजवटीत रेल्वे कंपनी मुलूख मराठ्यांचा म्हणत होती आणि सनदी अधिकारी कानड्यांचा. त्या मुलखातील माणसाला काय वाटते, या रेनाँच्या प्रश्नाला दोघांकडेही जागा नव्हती. १८९६ च्या मुंबई गॅझेटियरमध्ये तर रा. गो. भांडारकरांचा दख्खनचा इतिहास आणि फ्लीट यांचा हा ग्रंथ एकाच खंडात बांधले गेले, आणि तेच चालुक्य, तेच राष्ट्रकूट दोन्हींकडे मोजले गेले.

परक्याने लावलेली ही जुळणी देशी मनात कशी रुजली, हा या कहाणीचा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हटला पाहिजे. फ्लीट यांनी शिलालेखांवरून ज्या घराण्यांची वंशावळ जुळवली, त्यांच्याच वैभवावर आलूर वेंकटराव यांनी १९१७ मध्ये ‘कर्नाटक गतवैभव’ हा कन्नड एकीकरणाला चेतना देणारा ग्रंथ उभारला. आलूर टिळकांचे अनुयायी होते आणि ‘गीतारहस्या’चे कन्नड भाषांतरही त्यांचेच, त्यामुळे कर्नाटकाची अस्मिता मराठीच्या द्वेषातून जन्मली, हा सोपा समज टिकत नाही.

भाषेवरून लोक ओळखण्याची पद्धत शास्त्राला पोचली ती जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणात. मराठीचा खंड १९०५ मध्ये निघाला आणि तो रचला स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने. भाषांच्या सीमा रेघेसारख्या नसतात, एक बोली दुसरीत हळूहळू मिसळते, आणि खेडुताला पुष्कळदा आपल्या बोलीचे नावही ठाऊक नसते, ते शेजाऱ्याने दिलेले असते, हे ग्रिअर्सन यांनी स्वतः सांगितले होते. पण नकाशा छापायचा तर रेघ ओढावीच लागते, आणि पुढच्यांनी रेघ घेतली, सावधगिरी सोडली.

दुसरीकडे जॉन स्ट्रॅची यांच्यासारखे ब्रिटिश प्रशासक भारत नावाचा एक देशच नाही, बंगाल व पंजाब यांच्यापेक्षा स्कॉटलंड व स्पेन एकमेकांना जवळचे आहेत, असे सांगत होते. त्यात भेदांची जाण खरी होती, हेतू मात्र राज्य टिकवण्याचा होता. १९६० मध्ये सेलिग हॅरिसन या अमेरिकी पत्रकाराने भाषिक अस्मितांमुळे भारत दुभंगेल किंवा हुकूमशाहीकडे जाईल असे भाकीत केले, तेही सपशेल चुकले. ही राष्ट्रे परक्यांना दिसली. ती एकाच वेळी मराठी आणि भारतीय, कन्नड आणि भारतीय असू शकतात, हे दिसले नाही.

स्वातंत्र्यानंतर निवाडा करणारे परदेशी नव्हते, तरी या मुलखाला परकेच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेला. १९६७ मध्ये सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने बेळगाव शहर कर्नाटकात ठेवून निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत असे सुचवले, आणि महाराष्ट्राने ते नाकारले. मराठी बहुसंख्या असलेल्या गावांची तक्रार न्याय्य आहे. परंतु मुंबई-पुण्याहून सीमाभागाकडे पाहणारा मराठी माणूसही पुष्कळदा इंग्रज अधिकाऱ्याच्याच नजरेने पाहतो, आणि बंगळुरूहून पाहणाराही त्याला अपवाद नाही. लोंढ्यासारख्या ठिकाणी बाजारात एक, घरात दुसरी आणि कचेरीत तिसरी भाषा बोलणारा माणूस कोणत्या राष्ट्राचा, हे ठरवताना त्याची मातृभाषा पुरेशी मानली जाते. जनगणनेच्या तक्त्यात मातृभाषेनंतर येणाऱ्या इतर भाषांचीही नोंद होते; सीमावादाची बाजू मांडणाऱ्या दोन्ही राज्यांनी ती नोंद एकदा तरी वाचावी.