देवाच्या पायाशी श्वान का?

दर्शनार्थी भाविक श्रीदत्तात्रेयांच्या तसबिरीसमोर हात जोडून उभे राहतात, तेव्हा त्यांच्या दृष्टीस तीन मुखे, सहा हात, मागे उभी असलेली गोमाता आणि पायाशी चार श्वान असे रूप पडते. कित्येकांच्या, विशेषतः सोबतच्या लहान मुलांच्या मनात एक प्रश्न येतो. ज्या प्राण्याला आपण देवघरात येऊ देत नाही, ज्याचा नैवेद्याला स्पर्श झाला तर तो नैवेद्य टाकून देतो, तो प्राणी देवाच्या इतक्या निकट कसा? ‘गाय म्हणजे पृथ्वी आणि चार श्वान म्हणजे चार वेद’ असे उत्तर परंपरेने दिलेले आहे. ते आदरणीय आहे. तथापि त्याने प्रश्न संपत नाही. वेदांसाठी हंस, कमळ, दीप अशी कितीतरी शुभ चिन्हे उपलब्ध असताना दाराबाहेरच्या प्राण्याचीच निवड का व्हावी, हा विचार उरतोच.

मनुष्य आणि श्वान यांचे साहचर्य फार प्राचीन आहे. हडप्पा येथील उत्खननात मातीच्या भाजलेल्या छोट्या श्वानमूर्ती मिळाल्या असून त्यांपैकी काहींच्या गळ्यात पट्टा दाखविलेला आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात इंद्राची दूती सरमा पणींनी लपविलेल्या गाईंचा शोध घेत जाते. त्याच मंडलात यममार्गाचे रक्षण करणारे चार डोळ्यांचे दोन श्वान आहेत. इतर देशांतील कलाही याहून फार निराळे सांगत नाही. प्राचीन इजिप्तमध्ये मृतांचा सांभाळ करणारा अनुबिस हा देव कोल्ह्या-कुत्र्याच्या मुखाचा रंगविला जाई. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात एका घराच्या प्रवेशद्वारातील जमिनीवर साखळीने बांधलेला कुत्रा रंगीत खड्यांत जडविलेला सापडला आणि त्याच्याजवळ ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशा अर्थाची सूचनाही आहे. यान व्हान आयक या चित्रकाराच्या १४३४ मधील प्रसिद्ध चित्रात एका दांपत्याच्या पायाशी लहानसा कुत्रा उभा आहे. अनेक अभ्यासक त्यास एकनिष्ठेचे चिन्ह मानतात. घराचे दार असो वा मृत्यूचे, कलावंतांनी या प्राण्याला बहुधा उंबरठ्यावर उभे केले. आतला आणि बाहेरचा, आपला आणि परका यांच्या सीमेवरची जागा त्याची.

आपल्या दैवतांकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ज्या दैवतांजवळ श्वान आहे, ती दैवते स्वतःच उंबरठ्याबाहेरच्यांना जवळ करणारी आहेत. काळभैरव हा क्षेत्राचा रक्षक आणि स्मशानाशी नाते सांगणारा देव. होयसळकालीन शिल्पांत त्याच्या हातातील मुंडाकडे मान उंचावून पाहणारा श्वान कोरलेला दिसतो. जेजुरीचा खंडोबा हा धनगर, शेतकरी, शिकारी, व्यापारी अशा सर्वांचा देव. त्याच्या टाकावर अश्वारूढ देवासोबत म्हाळसा आणि घोड्याच्या पायाशी श्वान असतो. त्याचे उपासक स्वतःस ‘वाघ्या’ म्हणजे देवाचा कुत्रा म्हणवून घेतात आणि कोटंब्यात भिक्षा मागतात. जो शब्द इतरत्र शिवी म्हणून वापरला जातो, तो येथे भक्तीची पदवी झाला आहे. श्रीदत्तात्रेय तर अवधूत. वर्णाश्रमाच्या बंधनांपलीकडे गेलेले. नृसिंहवाडी आणि गाणगापूर येथे मुख्य पूजा पादुकांची होते. घरोघरीचे आजचे परिचित रूप पोहोचविण्यात छापील तसबिरींचा वाटा मोठा आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या छापखान्याच्या देवादिकांच्या चित्रांनी ही वाट रुंद केली आणि गरिबाच्या भिंतीवरही देवासोबत श्वान येऊन बसला.

येथे शास्त्राचा आधार पाहणे उचित ठरेल. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या पंक्तीवर श्वानाची दृष्टीही पडू नये, असे सांगितले आहे. त्याच अध्यायात गृहस्थाने रोजच्या अन्नातील भाग श्वान, कावळे आणि कृमी यांच्यासाठी जमिनीवर हळुवारपणे ठेवावा, असेही सांगितले आहे. अन्न फेकावे असे म्हटलेले नाही. शुचितेचा नियम आणि दयेचा नियम असे एकाच ठिकाणी नांदतात. मात्र समाजाने पहिला नियम जितक्या कसोशीने पाळला, तितका दुसरा पाळला नाही. शिवाय ‘दूर ठेवावे’ अशांची ही यादी पशूंपाशी थांबली नाही. तीत माणसेही घातली गेली. संत चोखामेळा यांची समाधी पंढरीत नामदेव पायरीजवळ, मंदिराच्या बाहेर आहे. ते मंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. कोणाला उंबरठ्याबाहेर ठेवावयाचे, हा प्रश्न केवळ स्वच्छतेचा कधीच नसतो.

या प्रश्नाचा सर्वांत सखोल विचार महाभारताने केला आहे. हा महाग्रंथ आरंभी एका श्वानाची कथा सांगतो आणि अखेरीसही एका श्वानाची. आदिपर्वात जनमेजय राजाच्या यज्ञस्थानी सरमेचे पिल्लू येते. राजाचे भाऊ त्याला मारून हाकलून देतात. पिल्लू रडत आईकडे जाते. त्याने हविर्द्रव्य चाटलेले नसते, त्याकडे पाहिलेही नसते. सरमा येऊन विचारते, ‘याने काही अपराध केला नसता याला का मारले?’ एवढा मोठा राजवंश. पण कोणाजवळ उत्तर नाही. तेव्हा ती शाप देते की, निरपराधास मारलेत म्हणून तुमच्यावर नकळत भय ओढवेल. पुढे महाप्रस्थानिक पर्वात पांडव हिमालयाकडे निघतात. द्रौपदी आणि चारही बंधू एकेक करून मार्गात पडतात. युधिष्ठिराबरोबर राहतो तो केवळ एक श्वान. इंद्र रथ घेऊन येतो आणि श्वानाला स्वर्गात स्थान नाही, असे सांगतो. युधिष्ठिर उत्तर देतो की, आश्रयास आलेल्या भक्ताचा त्याग करून मिळणारा स्वर्ग मला नको. त्यानंतर तो श्वान धर्माच्या रूपात प्रकट होतो.

कीर्तन-प्रवचनांतून ही कथा आपण अनेकदा ऐकतो आणि ‘तो कुत्रा साक्षात धर्म होता’ या वाक्यावर समाधान पावतो. परंतु थोडे थांबून विचार करावा. युधिष्ठिराने निर्णय घेतला, त्या क्षणी त्याला हे ठाऊक नव्हते. त्याच्या दृष्टीने तो धुळीने माखलेला, थकलेला, काहीही परतफेड करू न शकणारा एक कुत्राच होता. तो धर्म आहे असे आधी कळले असते, तर त्याला सोबत नेण्यात कसोटी कोणती राहिली असती? संत नामदेवांबद्दल सांगितली जाणारी कथाही अशीच आहे. कुत्र्याने पोळी पळविली, तेव्हा ‘कोरडी खाऊ नकोस’ म्हणत ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. आधी धावणे, मग दर्शन.

म्हणूनच प्रतीकाचा अर्थ सांगताना सावध राहावे लागते. चार श्वान म्हणजे चार वेद, असे म्हणताच नकळत आपली सुटका होते. तसबिरीतले ते श्वान नव्हेतच, ते वेद आहेत. मग दारातला जो खराखुरा श्वान आहे, त्याच्याशी आपला काय संबंध? तसबिरीस हार घालावा आणि पायरीवरच्यास काठी मारावी, यात मग विसंगती वाटेनाशी होते. वस्तुतः प्रतीकाने आपल्याला प्राण्यापर्यंत न्यावयास हवे. त्याच्यापासून दूर नव्हे.

श्वानाला श्वान म्हणूनच सन्मान दिल्याचे एक सुंदर उदाहरण कर्नाटकात आहे. मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथील शके ८७२ (इ.स. ९४९-५०) चा शिलालेख आता बंगळुरूच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याने तक्कोलमच्या रणांगणी चोळांचा पराभव केला. त्या युद्धात पराक्रम केलेल्या मणलेर नावाच्या वीरास गंग राजा बूतुग याने ‘हवे ते माग’ म्हटले, तेव्हा त्याने ‘काळी’ नावाचा शिकारी कुत्रा मागून घेतला. पुढे रानडुकराशी झुंजताना दोघेही प्राणी मरण पावले. काळीच्या स्मरणार्थ देवळासमोर दगड उभारला गेला, त्यावर ती झुंज कोरली गेली आणि पूजेसाठी जमीन दान देण्यात आली. काळी कोणाचा अवतार नव्हता, कसले प्रतीकही नव्हता. दात्याने जे दान दिले, ते एका कुत्र्याच्या निष्ठेला दिले. दानधर्म करणाऱ्या प्रत्येकाने हा शिलालेख मनात ठेवावा असा आहे.

यावर कोणी म्हणेल की, क्षेत्राच्या ठिकाणी लहान मुले, वृद्ध माणसे येतात. कुत्रा चावला तर काय? ही शंका रास्त आहे. रेबीज हा रोग एकदा लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. म्हणून चावा बसल्यास जखम त्वरित साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि विलंब न करता रुग्णालयात जाऊन लस घ्यावी. दया म्हणजे बेफिकिरी नव्हे. श्वानांचे लसीकरण व निर्बीजीकरण करविणे, खरकटे उघड्यावर न टाकणे, दर्शनरांगेत त्यांना खाऊ न घालणे, पेढे-साखरेऐवजी भाकरी व स्वच्छ पाणी ठरावीक जागी ठेवणे, ही दयेचीच विचारपूर्वक रूपे होत. गाभाऱ्याची शुचिता राखावी, त्यात गैर काही नाही. मात्र दूर सारणे आणि मारणे यांत जे अंतर आहे, तेच सरमेने जनमेजयास विचारले होते.

दर्शन घेऊन परतताना पायरीवर एखादा श्वान पडलेला दिसेल. तो वेद आहे की देव आहे, हे ठरविण्याची आपल्याला आवश्यकता नाही. त्याने आपला काही अपराध केला आहे काय, एवढाच विचार करावा आणि त्याला वळसा घालून पुढे जावे. निरपराधावर आपला हात कधी न उठो, अशी सद्बुद्धी सर्व भाविकांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

— सचिव, देवस्थान कार्यालय