पाटी न लागणारा खर्च

पवना धरणातून विसर्ग वाढला की चिंचवडच्या मोरया गोसावी समाधी मंदिराच्या आवारात नदी शिरते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरली, २०२४ च्या जुलैमध्येही शिरली. वर्तमानपत्रांत पाण्यात उभ्या देवळाचा फोटो येतो. पाणी ओसरल्यावरचा फोटो मात्र कोणी छापत नाही. दगडी फरशीच्या सांध्यांत गाळ बसलेला असतो. ओला असतानाच तो खराट्याने आणि पाइपने काढावा लागतो, वाळला तर खरवडत बसावे लागते. मग भिंतींची ओल, भिजलेली वायरिंग, तुंबलेले गटार. या कामासाठी पैसे देणाऱ्याच्या नावाची संगमरवरी पाटी लागल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

आपल्याकडे देवाला द्यायला हात आखडत नाही. पण देणगीदाराला दिसणारे काम हवे असते: शिखर, कमान, चांदीचे मखर, ‘यांच्या स्मरणार्थ’ बसवलेली गुळगुळीत फरशी. जुन्या देवळाला हवे असते गळके छत, चुन्याची दर्जबंदी आणि पावसाळी पाण्याचा निचरा यांसाठी दरवर्षी थोडे थोडे. एकदाच आलेला मोठा पैसा जुन्या वास्तूला कधी कधी तारण्याऐवजी मारतो. २०२४ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे जतनकाम झाले, तेव्हा गाभाऱ्यात अलीकडच्या काळात बसवलेली फरशी काढून मूळ दगड मोकळा करावा लागला. आधी बसवायला खर्च, मग उचकटायला खर्च. पंढरपूरच्या पाठीशी सरकार होते. गावठाणातल्या भैरवनाथाच्या काळ्या पाषाणावर चढलेला ऑइलपेंट कोण आणि कशाने काढणार?

पूर्वी या दरवर्षीच्या खर्चाची सोय जमिनीत होती. चिंचवडच्या देव घराण्याला इनाम गावे होती. समाधी मंदिराचे बांधकाम १६५८-५९ च्या सुमाराचे, आणि पुढच्या पिढ्यांत ते टिकले ते बऱ्याच अंशी या उत्पन्नावर. आज मोरगाव, थेऊर, सिद्धटेकही चिंचवड देवस्थानाकडे आहेत. हे मोठे घर आहे, ते सावरेल. छोट्या देवळांचे तसे नाही. तिथे तेलवातीपुरता जमिनीचा तुकडा असे आणि बाकीचे गावकी-भावकी पाहत असे. सुगीला धान्य, जत्रेला वर्गणी, छप्पर शाकारायला घरटी एक माणूस. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पाठोपाठ एमआयडीसी आली आणि शेतीच गेली. सुगी गेल्यावर सुगीचे धान्य कुठून यायचे?

पिंपरी-चिंचवडमधल्या काळेवाडीत आज राहतो तो माणूस बहुधा लातूर-बीडचा, सोलापूरचा, खानदेशातला. चाकण-भोसरीच्या शिफ्ट करून आलेला, दोन खोल्यांत भाड्याने राहणारा. त्याचा कुलदैवताचा मान गावाकडे आहे. इथल्या देवळात तो शनिवारी नारळ फोडतो, गणपती मंडळाला वर्गणी देतो, भंडाऱ्याच्या रांगेत वाढपी म्हणून उभा राहतो. त्याच्याकडे पावती पुस्तक येते, वर्षाचा हिशेब कधी येत नाही. वीस वर्षे दिल्यावरही तो ‘बाहेरचा’. त्याला देणगीदार म्हणून मोजायचे आणि माणूस म्हणून मोजायचे नाही, हा व्यवहार फार दिवस चालत नाही. माझे म्हणणे एवढेच की अशा देवळांनी त्याला रीतसर सभासद करून घ्यावे: ठरलेली वार्षिक वर्गणी, नोंदवहीत नाव आणि वर्षातून एकदा त्याच्यासमोर जमाखर्चाचे वाचन.

कायदा याच्या आड येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मध्ये ‘हितसंबंधित व्यक्ती’ कोण हे सांगितले आहे. देवळाच्या बाबतीत तिथे नेमाने पूजेला, उपासनेला जाणारा माणूसही तीत येतो. म्हणजे नारळ फोडणाऱ्या त्या भाडेकरूला कायद्याने आधीच जागा दिली आहे. गावाने मात्र दिलेली नाही. विश्वस्तांच्या योजनेत सभासदांची तरतूद हवी असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे जाऊन दुरुस्ती करून घेता येते. कटकट आहे, पण अशक्य नाही. उलट आयकरातल्या सवलतीची आशा दाखवून देणग्या मागणे छोट्या देवळांनी सोडून द्यावे. दुरुस्तीच्या देणगीवरची सवलत केंद्राने अधिसूचित केलेल्या देवळांना असते, आणि कोपऱ्यावरचा म्हसोबा त्या यादीत नसतो.

आक्षेप काय येईल ते ठाऊक आहे. सभासद आले की पॅनेल आले, पॅनेल आले की नगरसेवक आला. एका रात्रीत तीनशे पावत्या फाडून देऊळ ताब्यात. भीती खोटी नाही. जेजुरीत २०२३ मध्ये विश्वस्त बाहेरचे नेमले म्हणून ग्रामस्थ आंदोलनाला बसले होते, आणि त्यांची तक्रार समजण्यासारखी होती. म्हणून आधी हिशेब द्या, मत नंतर. सलग काही वर्षे वर्गणी भरल्याशिवाय मताचा अधिकार नको. पालखीचा खांदा, पहिला नैवेद्य, मानाचे नारळ हे ज्यांचे आहेत त्यांचेच राहू देत. त्याला हात लावायचे कारणच नाही. सभासदाचा हक्क छप्पर आणि गटारापुरता असला तरी पुष्कळ झाले.

ब्रिटनमध्ये १९५७ पासून ‘फ्रेंड्स ऑफ फ्रेंडलेस चर्चेस’ ही संस्था ओस पडलेली साठांहून अधिक चर्च सांभाळते आहे, त्यात सभासदांच्या वर्गणीचा मोठा आधार आहे. तिथे इमारती आहेत, भाविक उरले नाहीत. आपल्याकडे शनिवारी देवळात पाय ठेवायला जागा नसते. मग अवघड काय आहे? विश्वस्तांना चार लोकांपुढे वही उघडायची नसते, हे. बहुतेक ठिकाणी त्यात लपवण्यासारखे काही नसतेही. सवय नसते, आणि विचारणे म्हणजे अविश्वास असा समज असतो.

तेव्हा काळेवाडी, रहाटणी, थेरगावातल्या विश्वस्तांना विनंती: येत्या जत्रेच्या वर्गणीबरोबर मागच्या वर्षाचा जमाखर्च एका कागदावर छापून घरोघर द्या, भाडेकरूंच्या घरीही. आणि वर्गणी देणाऱ्यांनी पावती हातात घेताना तो कागद मागावा.