किरकोळ कुणी म्हणायचे?

कल्याणहून येणारा ६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग माळशेज घाट चढून जुन्नर तालुक्यात शिरतो. पिंपळगाव जोगे धरणाचे पाणी दिसते, मग मढ लागते, पुढे ओतूर आणि आळेफाटा. पावसाळ्यात घाट पाहायला येणाऱ्यांची इथे रीघ असते. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी नातलगांकडे जाताना आम्ही मढला चहासाठी थांबलो. निघताना मी गाडी मागे घेतली आणि धाडकन आवाज झाला. मागे भाजीने भरलेला पिकअप उभा होता. माझ्या बंपरवर नुसता ओरखडा. त्याचा हेडलाइट मात्र फुटला होता. चूक माझीच. मी मागे नीट पाहिले नव्हते.

खाली उतरताच मी म्हणालो, “फार काही नाही, किरकोळ आहे.”

पिकअपवाला विशी-बाविशीतला पोरगा. आवाज न चढवता म्हणाला, “तुमच्यासाठी किरकोळ असंल, काका. मला आता अंधारात घाट उतरायचाय. माल कल्याणला पोचवायचाय.”

चार माणसे जमली. मेव्हणा कानाशी कुजबुजला, “चूक कबूल करू नका.” त्याचेही अगदीच खोटे नव्हते. मोटार विम्याच्या छापील पॉलिसीत तशी अटच असते. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने दोष मान्य करू नये, पैसे देऊ नयेत, देण्याचे वचनही देऊ नये. दुसरीकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ सांगते, की दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले तरी अपघाताची वेळ, जागा आणि तपशील विमा कंपनीला कळवावा. कंपनीची बाजू समजण्यासारखी आहे. दोघांनी रस्त्यावर आपसांत ठरवलेल्या रकमेचा बोजा तिच्यावर का पडावा? पण ही अट पैशाच्या जबाबदारीची आहे. ‘मी मागे न पाहता गाडी घेतली’ हे घडलेले सांगणे झाले. भरपाई किती, कोणी द्यायची, हा पुढचा प्रश्न. या दोहोंची गल्लत करून आपण सोयीस्कर गप्प बसतो.

मी ‘चुकलो’ म्हणालो नाही. खिशातून दोन हजार रुपये काढून त्याच्या हातावर ठेवले आणि निघालो. मनातून जरा बरेही वाटले. हुज्जत नाही, पोलीस नाही, जागच्या जागी मिटले. ओतूर येईपर्यंत ते समाधान ओसरले. खरे सांगायचे तर मी न्यायबुद्धीने पैसे दिलेच नव्हते. गर्दी वाढत होती. परक्या गावात कोणी नाव विचारील आणि नाव ऐकून बोलण्याचा सूर बदलेल, ही धास्ती मनात होती. नाव कोणी विचारलेच नाही. त्या पोराला माझ्या नावाशी कर्तव्य नव्हते, दिव्याशी होते. म्हणजे त्या माणसांविषयी मीच आधी निवाडा करून मोकळा झालो होतो.

अॅरिस्टॉटलने ‘निकोमाखियन एथिक्स’च्या पाचव्या भागात भरपाईच्या न्यायाचे सूत्र सांगितले आहे. कोण भला, कोण बुरा हे पाहायचे नाही. ज्याचे जेवढे गेले तेवढे भरून देऊन दोघांना पुन्हा समान करायचे. सूत्र सरळ आहे. अवघड आहे ते काय गेले हे ठरवणे. मी काचेची किंमत दिली. त्याची गेली होती ती रात्र. एका दिव्यावर धुक्यात घाट उतरला तर जिवाला धोका. थांबला तर सकाळचा बाजार चुकणार, भाजी शिळी होणार. माझ्या नोटांत यातले काहीच मोजलेले नव्हते.

मग काय करायला हवे होते? फार मोठे काही नाही. “चूक माझी. तुझे काय काय अडले?” एवढे विचारायला हवे होते. ओतूर माझ्याच वाटेवर होते. तिथे दिवा मिळाला असता तर आणून देता आला असता. नसता मिळाला तर मालाच्या नुकसानीचे बोलता आले असते. माझे दोन तास मोडले असते. पण वेळ माझा होता म्हणून तो मला महाग वाटला, आणि त्याची रात्र स्वस्त.

कोणी म्हणेल, असे विचारले तर समोरचा वाटेल ते मागेल. मागेलही. अवाजवी मागणीला नाही म्हणण्याचा हक्क आपल्याला असतोच. पण तो मागेल या भीतीने विचारायचेच नाही, हे काही खरे नाही.

‘किरकोळ’ हा शब्द माफीच्या जातीचा आहे. ज्याला धक्का बसला त्याने तो उच्चारला तर तो त्याचा मोठेपणा. ज्याने धक्का दिला त्याने उच्चारला तर ती पळवाट. त्या पोराने माझा शब्द मान्य केला नाही, हे त्याचे बरोबरच होते.

त्या रात्री तो घाट उतरला की मढलाच थांबला, मला माहीत नाही. त्याचा नंबर मी घेतला नव्हता.