चित्रकथांचे उपरी वाचक

मोबाइलच्या पडद्याने चित्रकथांची दुकाने बुडविली, हे विधान हल्ली इतक्या सहजतेने केले जाते की त्याचा पुरावा मागणे जवळजवळ असभ्यपणाचे वाटावे. तथापि ज्या मुलखात हे विधान केले जाते त्या मुलखात असली दुकाने मुळात होती कोठे, आणि होती तर ती केव्हा व कोणत्या कारणाने उठली, एवढी साधी चौकशी केल्यावाचून त्यावर शिक्कामोर्तब करणे न्यायाचे नव्हे. केवळ चित्रकथांवर निर्वाह करणारे दुकान ही अमेरिकेची चीज आहे. तेथे 1970 नंतरच्या दशकात वितरकाकडून माल कायमचा, न परतीच्या बोलीने उचलणारा आणि न खपलेल्या अंकांची झीज स्वतःच सोसणारा असा एक स्वतंत्र दुकानदारवर्ग उदयास आला. 2011 च्या सप्टेंबरात डीसी कॉमिक्सने आपल्या सर्व नव्या मालिकांचे छापील अंक व त्यांच्या डिजिटल प्रती एकाच दिवशी विक्रीस काढण्याचा उपक्रम आरंभिला, तेव्हा या वर्गाच्या पायाखालची वाळू सरकली असल्यास नवल नाही, कारण ज्याने माल रोखीने विकत घेऊन ठेवला आहे त्यालाच प्रतिस्पर्ध्याचे भय खरे जाणवते.

आपल्याकडे मात्र व्यापाराची वहिवाट निराळी होती. टाइम्स ऑफ इंडियाच्या चालकांनी 1964 च्या मार्चमध्ये मुंबईतून इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले आणि ली फॉकचा फँटम मराठी घरांत वेताळ होऊन आला, किंवा अनंत पै यांनी 1967 मध्ये अमर चित्रकथेचा संसार मांडला, तेव्हा हे अंक विकण्यासाठी कोणी निराळे दुकान थाटले नाही. ते रेल्वे फलाटावरील व्हीलरच्या स्टॉलवर, एसटी स्थानकावरील वर्तमानपत्रवाल्याकडे, शाळेच्या वह्या विकणाऱ्या दुकानाच्या दर्शनी दोरीवर चिमट्याने अडकविलेले असत. न खपलेला अंक बहुधा परत जाई, म्हणून विक्रेत्याला त्याचे ओझे नसे, आणि ओझे नसल्यामुळे प्रेमही नसे. चित्रकथेवर खरे प्रेम करणारे दोघेच, एक भाड्याने पुस्तके देणारा वाचनालयवाला आणि दुसरा रद्दीवाला; यांतला पहिला अनामत घेऊन एकच अंक चाळीस मुलांच्या हातून फिरवी, आणि दुसरा तो अंक किलोच्या भावाने घेऊन नगाच्या भावाने विकी. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी व रविवारी पथाऱ्यांवर पसरलेल्या पुस्तकांतून वेताळाची कवटीची अंगठी शोधून काढणे हा ज्यांच्या बालपणाचा उद्योग होता, त्यांना ‘दुकान’ या शब्दाची व्याख्या किती सैल करावी लागते हे सांगावयास नको.

मांजरीसारख्या गावाच्या बाबतीत तर ही व्याख्या आणखी सैल करावी लागेल. पुणे–दौंड लोहमार्गावरील हे लहानसे स्थानक. ऊस आणि द्राक्षे यांचा हा टापू, म्हणूनच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी येथे बस्तान बसविले, आणि येथील उपबाजारात आजही मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांचे सौदे होतात. शेजारचे फुरसुंगी हे भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचे गाव. पण नायक गावाचे आणि पुस्तकांची दुकाने शहराची, अशी आपल्या बालवाङ्मयाची वाटणी पूर्वापार चालत आली असल्यामुळे फेणेच्या शेजाऱ्यांनाही पुस्तकासाठी हडपसर, लष्कर नाहीतर थेट अप्पा बळवंत चौक गाठावा लागे. सायकलवरून भाजी घेऊन शहरात गेलेला थोरला भाऊ येताना एखादा अंक आणील तर तो घरात, मग आळीत, मग शाळेत फिरे आणि मुखपृष्ठ गळून गेल्यावरही त्याची मागणी ओसरत नसे. 2021 साली मांजरी बुद्रुक महापालिकेच्या हद्दीत आले, उसाच्या फडांच्या जागी मजल्यांवर मजले चढले, परंतु या नव्या वस्तीत औषधे, मोबाइलचे रिचार्ज आणि केशकर्तन यांची जी दाटी आहे तीत चित्रकथा टांगावयाची दोरी कोणी बांधलेली नाही. पडद्याने येथील दुकान पाडले असे म्हणता येत नाही. दुकान आणि वाचक यांची भेट व्हायच्या आधीच पडदा मध्ये आला, इतकेच.

वर्षांचा हिशेबही या आरोपाला अनुकूल नाही. इंद्रजाल 1990 साली बंद पडले. त्याआधी तीन वर्षे, 1987 च्या जानेवारीपासून, रविवारी सकाळी रामायण पाहण्यासाठी रस्ते ओस पडू लागले होते, पाठोपाठ महाभारत आले, आणि पुढे दोन-चार वर्षांत खासगी वाहिन्यांच्या तारा गच्चीगच्चीवरून लोंबू लागल्या. जी पौराणिक कथा चित्रकथेच्या बत्तीस पानांतून मिळत असे ती घरबसल्या, हलत्या-बोलत्या रूपात आणि फुकट मिळू लागल्यावर पालकाने खिशात हात का घालावा? पडद्यावरील चित्रकथा विकणारी कॉमिक्सॉलॉजी ही अमेरिकी कंपनी 2007 ची, आणि मांजरीच्या पोरांच्या हाती स्वस्त इंटरनेट आले ते 2016 नंतर. पुण्याच्या लष्करातील मॅनीज हे ग्रंथविक्रीचे जुने ठाणे 2012 साली उठले तेव्हा शहरातील बहुतेकांनी पडद्यावर एकही चित्रकथा वाचलेली नव्हती. ज्या दुकानांचा श्राद्धविधी आपण आज करतो त्यांतील पुष्कळशी जागेचे भाडे आणि दूरदर्शन यांच्या हातून, आणि काही केवळ मालकांच्या वार्धक्यामुळे, पूर्वीच निजधामास गेली होती.

येथे एक विलक्षण गोष्ट नमूद करावीशी वाटते. इंद्रजालच्या चित्रकथा डिजिटल रूपात आणल्या त्या कोणा प्रकाशकाने नव्हे. इंद्रजाल बंद पडल्यावर ज्यांनी रद्दीवाल्यांकडून, जुन्या बाजारातून, मोडीत निघालेल्या वाचनालयांतून अंक वेचून जपून ठेवले होते, त्याच हौशी संग्राहकांनी पुढे ती पाने यंत्राखाली धरून त्यांच्या प्रतिमा एकमेकांना धाडल्या, आणि इंद्रजालच्या आठशेच्या आसपास अंकांपैकी पुष्कळसे अशा रीतीने, मालकी हक्काची कोणतीही तमा न बाळगता, पुन्हा वाचकांपुढे आले. हा प्रकार कायद्याच्या दृष्टीने निर्दोष नव्हता, आणि मी त्याची वकिली करीत नाही. परंतु ज्या प्रकाशनसंस्था आपले जुने दप्तर वाचकांसाठी पुन्हा उघडीत नाहीत, त्यांचे दप्तर रयतेने सांभाळले, ही वस्तुस्थिती नाकारण्यात अर्थ नाही. बी. गोविंद यांनी रंगविलेली मुखपृष्ठे, आबिद सुरती यांनी 1976 मध्ये निर्माण केलेला बहादूर, यांची आठवण आज कोणाला असेल तर ती रद्दीच्या तागडीमुळे. शिवाय पडद्यावर अंक फुकट पाहिल्यानेच अनेकांना कागदी प्रतीची ओढ लागली आणि जुन्या अंकांचे मोल मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी चढले. पडदा आणि कागद यांचे वैर आहे असे समजणाऱ्यांनी या व्यवहाराकडे जरा निरखून पाहावे.

मग पडद्याने कोणाचे काहीच हिरावून घेतले नाही काय? घेतले आहे, आणि माझ्या मते ते दुकानाहून मोलाचे आहे. पुणे प्रांताच्या गावोगावी मराठेशाहीत जमीन कसणाऱ्यांचे दोन वर्ग असत: मिरासदार आणि उपरी. मिरासदार सारा भरी तोवर त्याला कोणी उठवू शकत नसे. त्याची जमीन मुलाला जाई, गहाण पडे, विकली जाई. उपरीही तीच माती कसे, तिच्यातून तेच पीक काढी, परंतु कराराची मुदत सरली की बांधावरून खाली उतरे. छापील अंक विकत घेणारे पोर हे मिरासदार होय. 1957 च्या आपल्या लेखाधिकार कायद्यानेही एकदा विक्रीस गेलेल्या प्रतीवरील प्रकाशकाचा ताबा सुटतो असेच धरले आहे, म्हणून तर तीच प्रत भाड्याने देणारा, बदलून देणारा, तागडीत टाकणारा असे सारे मध्यस्थ निर्वेधपणे जगू शकले. पडद्यावरील अंकाचे पैसे मोजणारा मात्र उपरी आहे. 2009 साली अमेझॉनने ऑर्वेलच्या कादंबऱ्यांच्या काही प्रती ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या, पैसे परत केले आणि पुढे दिलगिरीही व्यक्त केली. 2014 मध्ये तिने कॉमिक्सॉलॉजी विकत घेतली, 2022 मध्ये ती आपल्या किंडलमध्ये विलीन केली आणि वर्षानुवर्षे लावून ठेवलेल्या वाचकांच्या संग्रहांची मांडणी एका रात्रीत विस्कटली. कसूर कोणाची हा प्रश्न गौण आहे. ज्या पुस्तकाची मांडणी मालकाच्या अपरोक्ष बदलते त्या पुस्तकाला मालक नसतो.

ही उपरी स्थिती सर्वांत आधी बाधते ती रद्दीवाल्याला आणि वाचनालयाला, कारण पडद्यावरील अंकाची रद्दी होत नाही. नवी चित्रकथा पूर्ण किमतीला घेणारे घर मांजरीत तेव्हाही क्वचितच होते, आजही फार नाही. बाकीची मुले तिसऱ्या-चौथ्या हातावर वाढली. पहिला हात भरभक्कम पैसे देतो आणि पुढले हात वाचक निर्माण करतात, हा जुना शिरस्ता होता. नव्या व्यवस्थेत पहिला हात कायम आहे, पुढले नाहीसे झाले. प्रताप मुळीकांसारख्या पुणेकर चित्रकाराने काढलेला नागराज 1986 नंतर हिंदी मुलखात घरोघर पोहोचला तो मुख्यतः भाड्याच्या अंकांवर स्वार होऊन, ही गोष्ट प्रकाशकांच्या हिशेबवहीत कधी उमटली नसेल. वाचकांच्या संख्येत ती उमटली.

पडद्याने दिले तेही सांगितले पाहिजे. बालभारतीने 1971 पासून चालविलेल्या ‘किशोर’चे जुने अंक आता कोणालाही विनामूल्य पाहता येतात, एके काळी ते पाहण्यासाठी एखाद्या शिक्षकाच्या कपाटाची मर्जी सांभाळावी लागे. 1991 पासून ‘सकाळ’मधून घराघरांत शिरलेला चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू हा तीन-चार चौकटींचा असल्यामुळे पडद्यावर मुळीच अवघडला नाही. कोरियात तर बोटाने वरून खाली सरकत जाणारी नवी चित्रभाषाच सिद्ध झाली, आणि ती कागदावर नीट उतरत नाही. तरुण मराठी चित्रकाराला आज छापखान्याची पायरी न चढता वाचक मिळू शकतो, ही काही लहान प्राप्ती नव्हे. तरीही दोरीवर टांगलेला अंक जे करीत असे ते पडदा करू शकत नाही: भाजी घ्यावयास आलेल्या, चित्रकथा मागावयास न आलेल्या पोराच्या नजरेत तो आपण होऊन भरत असे. पडद्यावरही चित्रे आपण होऊन समोर येतात, पण ती त्याने काल पाहिलेल्या चित्रांची भावंडे असतात.

अमेरिकेतील दुकाने, भाकीत झाले होते तशी, डिजिटल प्रतींमुळे नामशेष झाली नाहीत. त्यांना जबर धक्का बसला तो 2025 च्या जानेवारीत, त्यांचा एके काळचा मक्तेदार वितरक डायमंड दिवाळखोरीत गेला तेव्हा. एकाच मक्तेदारावर विसंबलेला व्यापार त्याच्याबरोबर हेलकावतो, आणि हे कागदाइतकेच पडद्यालाही लागू आहे. आपल्याकडे दुकान वाचविण्याचा प्रश्नच अप्रस्तुत असल्यामुळे विचार व्हावा तो पुढल्या हातांचा. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या ग्रंथालयाला चित्रकथेची डिजिटल प्रत कायमची विकत घेता यावी आणि कागदी प्रतीप्रमाणे ती एका वेळी एका वाचकाला देता यावी, अशी तजवीज प्रकाशकांनी मनावर घेतली तर अशक्य नाही. एका प्रतीवर शंभर मुले वाचू लागली तर आमच्या धंद्याचे काय, अशी त्यांची कैफियत येईलच. इंद्रजालची एकेक प्रत आळीच्या आळी वाचीत होती, आणि तो धंदा सव्वीस वर्षे चालला.