शाळेची झोळी आणि शिक्षकाची पाटी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारी, उपासना आटोपल्यावर, आमच्या कुर्ल्याच्या मंडळीतील एक शिक्षिकाबाई मागे थांबल्या. त्या एका अनुदानित प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गास शिकवतात. त्यांनी आमच्यापुढे दोन प्रश्न ठेवले. प्रश्न शहरातले असले तरी खेड्यापाड्यांतील मंडळ्यांस व आमच्या उपदेशक बंधूंस ते परके वाटणार नाहीत, म्हणून येथे त्यांचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

पहिला प्रश्न पैशाचा. शाळेचे छप्पर गळत होते. अनुदान शिक्षकांच्या पगारापुरते. दुरुस्तीस पैसा नाही. तेव्हा आनंद मेळावा भरवावा आणि त्यासाठी प्रत्येक मुलाने वीस रुपयांची दहा कुपने खपवावी असे ठरले. कोणी किती खपविली हे बाईंनी रोज फळ्यावर लिहावयाचे. तिसऱ्या दिवशी एक मुलगी शाळेत आली नाही, चौथ्या दिवशीही नाही. बाई तिच्या घरी गेल्या. घर मिठी नदीच्या काठच्या गल्लीत. आई धुणीभांडी करणारी, बाप हमाल. ज्या गल्लीत २६ जुलै २००५ च्या महापुराचे पाणी शिरले होते तीच ही गल्ली. मुलीने उंच फळीवरून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कुपनांचे पुस्तक काढून दिले आणि म्हटले, “बाई, एकही भिजू दिले नाही.” दहाची दहा कुपने त्यात तशीच होती.

“पाळकसाहेब,” त्या आम्हांस म्हणाल्या, “छप्पर दुरुस्त व्हावे म्हणून मी एका लेकराला शाळेबाहेर घालविले. मी पाप केले काय?”

दुसरा प्रश्न विद्येचा. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, ज्या शिक्षकांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे त्यांनी दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे. अल्पसंख्याकांच्या शाळांचा प्रश्न मात्र न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपविला. बाईंची शाळा त्यांतलीच. त्या चव्वेचाळीस वर्षांच्या, सेवा वीस वर्षांची. “परीक्षा टळली तर सुटले, असे प्रथम मनात आले,” त्या म्हणाल्या, “आणि मग तसे वाटल्याची लाज वाटली.”

हे ऐकून आम्हांस आमचीच एक चूक आठवली. पूर्वी नगर जिल्ह्यातील एका खेड्यात आम्ही पाळक असता, हंगामाच्या सणाच्या दिवशी शब्बाथ शाळेच्या मुलांची नावे व त्यांनी आणलेल्या रकमा आम्ही व्यासपीठावरून वाचून दाखविल्या. ज्याच्या नावापुढे काही नव्हते त्याचेही नाव वाचले. मोठ्या उत्साहात केलेली ती गोष्ट. तो मुलगा पुढे कित्येक रविवार देवळाच्या दारापर्यंत येऊन परत जात असे, हे आम्हांस त्याच्या आजीने फार उशिरा सांगितले. तेव्हा या बाईंस दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. त्यांच्याबरोबर विचार करण्याचा तेवढा आहे.

कायदा याविषयी काय म्हणतो? बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा हक्क आहे, आणि मुलास शाळेत घेतेवेळी देणगी उकळू नये, असे त्यात आहे. परंतु ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांस लागू नाही. म्हणजे आमच्या मिशन शाळांच्या बाबतीत कायद्याचे कुंपण कित्येक ठिकाणी पडलेले आहे. शेताचे कुंपण पडले म्हणून शेजाऱ्याच्या पिकात गुरे सोडावी काय? कायदा जेथे थांबतो तेथे ख्रिस्ती मनुष्याचे कर्तव्य थांबत नाही. किंबहुना त्याची परीक्षा तेथेच सुरू होते.

कोणी म्हणतील, मुलांनी दान गोळा केले तर त्यांस परोपकाराची सवय लागते, चार लोकांत बोलण्याचे धैर्य येते. यात काही तथ्य आहे. मुलाने आपल्या खाऊच्या पैशांतून एक रुपया आपण होऊन दिला तर ते सुंदर दान होय. परंतु कुपनांचे पुस्तक हे दान नव्हे. ज्याचा बाप दुकानदार, त्याचे पुस्तक बाप एका रात्रीत विकत घेतो. ज्याचे शेजारीपाजारी सगळेच रोजंदारीवर, त्याने ते कोणास विकावे? मग फळ्यावर जे आकडे येतात ते मुलाचे श्रम दाखवीत नाहीत, बापाचा खिसा दाखवितात. आमच्या प्रभूने मंदिराच्या भांडारासमोर बसून विधवेच्या दोन टोल्या पाहिल्या, तेव्हा त्याने तिची सर्वांत अधिक म्हणून गणना केली. आपला फळा नेमके याच्या उलट गणित शिकवितो. ज्या फळ्यावर पाढे लिहावयाचे, त्यावर गरिबीची यादी लिहू नये.

मग शाळेने मागूच नये काय? असे आमचे म्हणणे नाही. छप्पर गळते हे खरे, आणि मागितल्यावाचून ते दुरुस्त होणार नाही हेही खरे. प्रश्न इतकाच की कोणी मागावे व कोणापाशी मागावे. या बाबतीत पंडिता रमाबाईंचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे. १८८६ साली त्या अमेरिकेत गेल्या. हिंदुस्थानातील विधवांसाठी शाळा काढण्यास पैसा हवा होता. त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयी इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगावी भाषणे केली, आणि १८८७ साली बॉस्टन येथे त्यांच्या कार्यास साहाय्य करणारी सभा स्थापन झाली. हात पसरला तो त्यांनी स्वतः, आणि थोरामोठ्यांपुढे. ज्यांच्यासाठी मागितले त्यांच्या हाती कधी झोळी दिली नाही.

परंतु आम्हांस याहून महत्त्वाची वाटणारी गोष्ट निराळी आहे. त्याच मुक्कामात रमाबाई, संस्कृतच्या पंडिता म्हणून नावाजलेल्या, लहान मुलांस शिकविण्याची बालोद्यान पद्धती विद्यार्थिनी होऊन शिकल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले, तेव्हा त्यांच्यापाशी जमविलेला पैसा होता आणि नवी मिळविलेली विद्याही होती. नुसता पैसा आणला असता तर इमारत झाली असती. नुसती विद्या आणली असती तर तिला उभे राहण्यास जागा मिळाली नसती.

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या कार्यातही हीच जोडी दिसते. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातील मुलांसाठी खेड्यांतील घराघरांतून मूठमूठ धान्य जमा झाले, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले. पुढे १९३५ साली त्याच संस्थेने साताऱ्यास शिक्षकांच्या शिक्षणासाठी ट्रेनिंग कॉलेज काढले. मूठभर धान्याने मूल जगेल, परंतु मास्तर जर शिकलेला नसेल तर ते मूल कशासाठी जगविले, हे त्यांस ठाऊक होते.

यावरून आम्हांस असे वाटते की बाईंचे दोन प्रश्न हे मुळात एकच आहेत. मागणे आणि शिकणे या दोहोंसही रिकामा हात पुढे करावा लागतो. ‘माझ्यापाशी नाही, मला द्या,’ असे म्हणावे लागते. पैशासाठी हे म्हणण्यास आम्ही शिकलो आहो. विद्येसाठी म्हणावयाची वेळ आली की आमची मान ताठ होते. वीस वर्षे शिकविले, आता मला कोण शिकविणार, असे शिक्षक म्हणतो. आणि खरे सांगावयाचे तर पाळक व उपदेशकही म्हणतात. अपुल्लोस मोठा वक्ता होता, शास्त्रांत प्रवीण होता. तरी तंबू करणाऱ्या अक्विला व प्रिस्किल्ला या नवराबायकोने त्यास घरी नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला, आणि त्याने तो ऐकून घेतला. परीक्षा कायद्याने लागू होवो अगर न होवो, वर्गातील लेकरांस त्याचे काय? त्यांस चांगले शिकविलेले भागाकार हवे आहेत.

आता आचरणाच्या दोन गोष्टी. खेड्यांतील पंचांनी त्यांचा विचार करावा. शाळेसाठी वा देवळासाठी मागावयाचे झाल्यास मंडळीतील प्रौढांनी मागावे, प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे व खुशीने द्यावे, आणि हिशेब दाराशी लावावा. पौलाने यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी जमविली, तेव्हा कोणी बोट दाखवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेले बंधू बरोबर घेतले. आपण त्याच्याहून अधिक विश्वासू आहो असे समजू नये. दुसरे, जमलेल्या पैशातील काही भाग शिक्षकाच्या विद्येसाठी राखावा: एखादे पुस्तक, शिबिराचे गाडीभाडे, दुसऱ्या शाळेतील चांगला वर्ग पाहून येण्याचा खर्च. भिंत रंगविली तर पाहुण्यास दिसते. मास्तर शिकला तर ते फक्त मुलांस कळते. म्हणूनच पंच भिंतीस पैसे देतात आणि मास्तरास विसरतात.

बाईंनी ते पुस्तक न खपलेले असेच शाळेत परत केले आणि फळ्यावर आकडे लिहिण्याचे नाकारले. बोलणी खावी लागली. ती त्यांनी सोसली. छप्पराचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. पालकांच्या सभेत शिक्षकांनी स्वतः उभे राहून मागितले, तेव्हा थोडा पैसा जमला, बाकीचा जमावयाचा आहे. ती मुलगी मात्र वर्गात परत आली. बाईंनी परीक्षेची पुस्तके आणली आहेत. मधल्या सुटीत त्या ती उघडून बसतात, तेव्हा त्याच मुलीने एके दिवशी विचारले, “बाई, तुम्हांलाही अभ्यास असतो?”

“असतो,” त्या म्हणाल्या, “आणि मला अजून सगळे येत नाही.”

आमच्या मते त्या शाळेत त्या दिवशी दिलेला सर्वांत चांगला धडा तोच होय. देव आमच्या शाळांस छपरे देवो; आणि त्या छपरांखाली, आपली पाटी कोरी आहे असे म्हणण्यास न लाजणारे शिक्षक, पाळक व उपदेशक देवो.